तास कोणाचा, वाफसा कोणाचा

तीन एकर कोरडवाहू काळं रान घ्या. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, आणि सोयाबीन निघाल्यावर ओल उरलीच तर हरभरा. एवढ्या रानाला वर्षभरात ट्रॅक्टर किती लागतो? उन्हाळी नांगरटीचे सहा-सात तास, मग रोटर, पेरणी, रब्बीची पाळी, पुन्हा पेरणी, शेवटी मळणी. सढळ हाताने हिशेब धरला तरी वीस तास, फार तर पंचवीस. कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर अंगावर येऊ नये म्हणून मात्र तो वर्षाला आठशे ते हजार तास चालायला हवा, असा अवजार-अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे एका ट्रॅक्टरमागे असे चाळीस-पन्नास शेतकरी लागतात.

इथपर्यंतचं गणित सरकारपासून ट्रॅक्टरच्या शोरूमपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो पुढे. हे पन्नास जण ट्रॅक्टर मागतात ते एकाच आठवड्यात. मृगाचा दमदार पाऊस झाला की काळी जमीन दोन-तीन दिवस पाय घालू देत नाही. मग वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो. ऊन तापलं तर चार-पाच दिवसांत वरचा थर सुकून जातो आणि बी ओलीवर पडेल याची खात्री राहत नाही. मधल्या त्या चार दिवसांत गावातली सगळी पेरणी उरकायची असते. त्यातला पहिला दिवस कोणाला मिळतो आणि पाचव्या दिवसापर्यंत कोण थांबतो, यावर लहान शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. यंत्र गावात आलं की नाही, हा प्रश्न महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात मागे पडला आहे. गावात ट्रॅक्टर आहेत, काही गावांत गरजेपेक्षा जास्त आहेत. ते वेळेवर कोणाच्या रानात उतरतात, हे पाहण्यासाठी या पुस्तकातले लेख लिहिले गेले.

लहान शेतकरी यंत्राला बिचकतो, हा समज आधी बाजूला ठेवू. त्याच्या घरी जाऊन पाहिलं तर यंत्रं दिसतात. विहिरीवर मोटर असते. दोन म्हशी असतील तर कडबाकुट्टी असते. पाठीवरचा फवारणी पंप तर असतोच, आणि आता तो बहुधा बॅटरीवरचा असतो. ही यंत्रं त्याने विकत घेतली, कित्येकदा अनुदानाची वाट न बघता. कारण उघड आहे: ती रोज किंवा दर आठवड्याला लागतात, आणि मागायला गेलं तर शेजाऱ्याकडचं यंत्रही त्याच वेळी कामात असतं. विहीर भावाभावांत सामाईक असली तरी पाण्याची पाळी ठरते आणि मोटरचा खर्च वाटून घेतला जातो. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी. ते विकत घेणं तीन एकराच्या माणसाला परवडत नाही आणि भाड्याने मिळवणं त्याच्या हातात नसतं. आपल्या योजनांनी हे दोन प्रकार एकाच मापाने मोजले, आणि पुढचे बरेच घोटाळे त्यातून झाले, असं माझं मत आहे.

महाराष्ट्रात ही कहाणी सव्वाशे वर्षं मागे जाते. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी कडबा कापायच्या यंत्राकडे वळले आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगराकडे. नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, असं किर्लोस्करांच्या चरित्रांत हटकून सांगितलं जातं. ती समजूत असेलही, पण तिच्यावर सगळा भार टाकणं मला पटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देत होता. तो मोडला तर त्याच दिवशी त्याच्याच दारात दुरुस्त होत होता. लोखंडी नांगराचा फाळ तुटला तर? त्याचे पैसे रोख मोजायचे आणि सुटा भाग दूरच्या कारखान्यातून आणायचा. मी त्या काळचा शेतकरी असतो तर मीही दोन वर्षं दुसऱ्याच्या रानात त्याचं काय होतं ते बघितलं असतं.

पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. नांगर खपू लागले त्याला मालाचा दर्जा कारण होताच, पण त्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग मिळू लागले आणि माहिती गावोगाव पोचली. १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चं पुढे शं. वा. किर्लोस्करांनी मराठीतलं एक मोठं मासिक केलं. नांगराच्या कारखान्याच्या पोटातून साहित्याचं मासिक निघावं, असं दुसरीकडे कुठे घडलं असेल तर मला माहीत करून घ्यायला आवडेल.

नांगर विकत घेणारा तेव्हाही एकटा तो ओढू शकत नव्हता, ही गोष्ट मात्र त्या गौरवकथांत हरवते. दख्खनच्या भारी जमिनीत खोल नांगरट करायची तर सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका दावणीला कोणाकडे असणार? म्हणून सावड होती, पैरा होता, इर्जिक होती. एकाचा एकच बैल असेल तर तो शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावी आणि दोघं आळीपाळीने औत हाकत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. तिच्यात जात होती, भावकीची भांडणं होती, आणि ज्याच्याकडे बैलच नव्हता त्याला दुसऱ्याच्या रानात मजुरी करून नांगरट पदरात पाडून घ्यावी लागे. पण तिच्यात एक हिशेब पक्का होता. माझ्या दिवसाला तू आलास, तुझ्या दिवसाला मी येणार. ट्रॅक्टर आला तेव्हा बैलांची जागा त्याने घेतली. या हिशेबाची जागा कशाने घेतली, ते आपण बघितलंच नाही.

दरम्यान जमीन तुटत गेली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारणा ४० एकरांची होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती; शिवाय ते सात एकर सलग नव्हतेच, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले होते. (आज त्याच पिंपळे सौदागरात पंधरा-पंधरा मजल्यांच्या इमारती आहेत आणि गुंठ्याचा भाव ऐकून मान साहेबांनी वही मिटली असती.) १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा झाला. तो कागदावर राहिला आणि वाटण्या होत राहिल्या. कृषिगणनेप्रमाणे राज्यातलं सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झालं. याच पंचेचाळीस वर्षांत ट्रॅक्टरची ताकद वाढत गेली, अवजारं रुंद होत गेली. रान लहान होत असताना यंत्र मोठं होत गेलं, आणि दोन्ही गोष्टींना आपापली रास्त कारणं होती.

मग यंत्र लहान करा, हा सल्ला सगळ्यांत आधी सुचतो. त्याचा अनुभव काय सांगतो? कोकणात चांगला. भाताच्या खाचरात, जिथे ट्रॅक्टर वळायलाही जागा नाही, तिथे पॉवर टिलरने चिखलणी होते. तो एका खाचरातून दुसऱ्यात उतरवता येतो. बंगळुरूची व्हीएसटी १९६७ पासून आणि केरळ सरकारची कामको १९७३ पासून या धंद्यात आहे. बांगलादेशात तर १९८८ च्या महापुरानंतर जनावरं उरली नाहीत तेव्हा आयातीवरची बंधनं सैल झाली आणि चिनी बनावटीचे स्वस्त दोनचाकी टिलर आले. आज तिथली बहुतेक नांगरट या टिलरांनी होते, तीही भाड्याने. टिलर बाळगणारे थोडे आणि त्यांच्याकडून रान करून घेणारे कितीतरी जास्त. आपल्याकडच्या परिषदांत हे उदाहरण फार आवडीने दिलं जातं. ते देणाऱ्याने एकदा मे महिन्यात परभणी किंवा यवतमाळच्या रानात टिलर घालून बघावा. भेगाळलेल्या, दगडासारख्या झालेल्या काळ्या मातीत टिलर नाचतो आणि चालवणाऱ्याचे खांदे निखळतात. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ आणि दख्खनचं काळवट यांच्या ताकदीच्या मागण्याच वेगळ्या. आठ बैलांचं काम आहे हे. लहान शेतकऱ्याला मोठं यंत्र लागतं ते जमिनीमुळे, आणि म्हणून त्याला मालकी सोडून भाड्याकडेच यावं लागतं.

फळबागांचं निराळं. द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाणारे पंधरा-वीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर नाशिक-सांगलीकडे रुजले, कारण द्राक्षात फवारणी सतत चालू असते आणि यंत्र वर्षातले कितीतरी दिवस कामात राहतं. पुन्हा तोच नियम: वापर रोजचा, तर मालकी परवडते.

अभियंत्यांनी शेतकऱ्यासाठी चांगलं यंत्र केलं आणि ते त्याने नाकारलं, याचं आपल्या शेजारचं मोठं उदाहरण पाटणचेरूचं आहे. हैदराबादजवळच्या या गावी १९७२ मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. काळ्या जमिनीत पावसाचं पाणी साचतंही आणि खंड पडला की पीक सुकतंही, यावर तिथे रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली गेली. ती बैलांनी करता यावी म्हणून ट्रॉपिकल्टर हे दोन चाकांचं, बसून हाकायचं औत पुढे आलं. झां नोल या फ्रेंच अभियंत्याची ती रचना. एकाच सांगाड्याला नांगर लावा, पेरणीयंत्र लावा, कोळपं लावा, काम संपलं की फळ्या टाकून त्याची गाडी करा. प्रात्यक्षिकांत ते उत्तम चालायचं. १९८८ मध्ये पॉल स्टार्की यांनी अशा चाकांच्या औतांचा जगभरचा आढावा घेतला आणि पुस्तकाच्या नावातच निर्वाळा दिला की यंत्र परिपूर्ण झालं आणि नाकारलं गेलं. बहुतेक ठिकाणी ती औतं नुसती गाडी म्हणून वापरली गेली, नाहीतर पडून राहिली. कारणं किर्लोस्करांच्या नांगराची आठवण देणारी आहेत. किंमत नेहमीच्या औतांच्या कितीतरी पट, वजन जास्त, आणि सगळी कामं एकाच सांगाड्यावर असल्यामुळे एक भाग बिघडला की सगळंच थांबणार. शेतकऱ्याकडे वखर, तिफण, कोळपं वेगवेगळी असतात. एक मोडलं तरी बाकीची चालतात, आणि भावाला एखादं उसनं देता येतं.

त्या प्रयोगातली कल्पना मात्र मेली नाही. आज मराठवाड्यात आणि विदर्भात ज्याला शेतकरी ‘बीबीएफ’ म्हणतात, ती सोयाबीनची रुंद वरंब्यावरची पेरणी पाटणचेरूच्या त्याच संशोधनातून आलेली आहे. फरक इतकाच की ती आता ट्रॅक्टरमागच्या यंत्राने होते आणि ते यंत्र गावात दोघा-तिघांकडे असतं. अतिवृष्टीत सरीतून पाणी निघून जातं, उघडीप मिळाली तर सरीत मुरलेली ओल कामाला येते, एकरी बियाणं कमी लागतं. ज्या कल्पनेला मालकीच्या वाटेने तीस वर्षं जाता आलं नाही, ती भाड्याच्या वाटेने रानात पोचली. या पुस्तकातलं एक प्रकरण त्या प्रवासावरच आहे आणि माझ्या दृष्टीने ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

भाड्याचा हा बाजार कोणी उभारून दिलेला नाही. तो गावातल्याच कोणीतरी दहा-बारा एकरांच्या शेतकऱ्याने कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरवर उभा आहे. कधी मालक स्वतः चालवतो, कधी ड्रायव्हर ठेवतो. दर कुठे ताशी असतो, कुठे एकरी. ताशी दरात ड्रायव्हर रेंगाळतो अशी शेतकऱ्याची तक्रार, एकरी दरात तो पळवतो अशीही त्याचीच तक्रार, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पेरणी करताना ट्रॅक्टर पळवला की बी कुठे वर पडतं, कुठे खोल जातं, आणि सोयाबीनसारखं नाजूक उगवणीचं बी खोल गेलं की तुटक उगवतं. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात वळण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणून ड्रायव्हर तिथे नाखुशीने येतो. बांधाच्या कडा आणि कोपरे सुटतात, ते मग कुदळीने करायचे. रोख देणारा आधी, उधारीवाला मागून. सलग आठ एकर असलेला आधी, दोन ठिकाणी दीड-दीड एकर असलेला मागून. यात कोणी दुष्ट नाही. ज्याच्या ट्रॅक्टरचा हप्ता आहे, तो चार दिवसांत जास्तीत जास्त एकर उरकणारच.

उधारीचीही एक बाजू सांगायला हवी. ट्रॅक्टरवाला सुगीपर्यंत थांबतो. बँक थांबत नाही आणि कृषी सेवा केंद्र थांबलं तर व्याज लावतं. ट्रॅक्टरवाला बहुधा लावत नाही. पण त्या बदल्यात तुम्ही त्याचे ठरावीक गिऱ्हाईक होता आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलावायची सोय राहत नाही. सोयाबीन मळून झालं की त्याच खळ्यावर त्याचा हिशेब आधी चुकता होतो.

सरकारचा हात या सगळ्यात कुठे येतो? २०१४-१५ पासून केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान चालू आहे. त्यात लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना अवजाराच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान, ठरलेल्या मर्यादेत. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. निवड झाली की पूर्वसंमती मिळते, मग स्वतःच्या पैशाने यंत्र घ्यायचं, मग तपासणी, मग रक्कम खात्यात. या क्रमातली मेख तिसऱ्या पायरीवर आहे. आधी पूर्ण रक्कम उभी करणं ज्याला जमतं, त्यालाच निम्मी परत मिळते. लहान शेतकऱ्याच्या नावाने आलेलं अनुदान घ्यायला आधी थोडं मोठं असावं लागतं. कागदावर नाव आईचं किंवा बायकोचं असतं, टक्केवारी वाढते म्हणून, आणि ट्रॅक्टर अर्थातच दुसऱ्याच कोणाच्या दारात असतो.

अवजारे बँकांची कल्पना यापेक्षा शहाणी आहे. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यंत्रं घेईल आणि सभासदांना माफक भाड्याने देईल. याच अभियानातून आणि २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून अशा बँका राज्यभर उभ्या राहिल्या. काही उत्तम चालतात. बऱ्याच ठिकाणी शेडमध्ये रंग न उडालेलं पेरणीयंत्र उभं असतं आणि त्याचा ट्रॅक्टर अध्यक्षाच्या रानात असतो. फरक कशाने पडतो ते या पुस्तकाच्या लेखकांनी जागोजागी शोधलं आहे. मला त्यांच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. चालणाऱ्या बँकेत पगारी ड्रायव्हर आहे, डिझेलला हाताशी पैसा आहे, आणि नंबराची वही भिंतीला टांगलेली, सगळ्यांना दिसेल अशी आहे. मोडलेल्या बँकेत यंत्रं असतात, यातलं काही नसतं. अनुदान यंत्राला मिळतं. ड्रायव्हरच्या पगाराला, वेल्डिंगला, बेल्ट-बेअरिंगला मिळत नाही. तालुक्याच्या गावी जो फॅब्रिकेशनवाला सुताराच्या जागी बसला आहे, रोटरची पाती बदलतो, पेरणीयंत्राच्या नळ्या सरळ करतो, तो कोणत्याच योजनेत नाही.

बायकांचा विषय वेगळं प्रकरण करून बाजूला ठेवायचा नाही, असं लेखकांनी ठरवलं ते बरं केलं. यंत्रं कोणत्या क्रमाने आली ते पाहा. नांगरट, वखरणी, पेरणी, मळणी. म्हणजे बैलांची आणि पुरुषांची कामं आधी सुटली. तिफणीमागे सरत्यातून खत किंवा मिश्रपिकाचं बी सोडण्याचं काम बायकांचं होतं, ते ट्रॅक्टरच्या पेरणीने गेलं आणि त्याबरोबर त्या दिवसांची मजुरीही. निंदणी यंत्राने हलकी झाली नाही. ती तणनाशकाने कमी केली, त्यातही मजुरी गेली. कापूस वेचणी अजून बोटांनीच होते. आपल्याकडची कपाशी पसरट वाढते, बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेच्यांत कापूस निघतो. परदेशी वेचणीयंत्राला सगळं रान एकाच वेळी पांढरं लागतं. आणि भाड्याचा ट्रॅक्टर मिळवण्याच्या रांगेत एकट्या बाईचा नंबर कुठे असतो? “मावशी, उद्या सकाळी पहिली पाळी तुमचीच” असं तिला तीन दिवस सांगितलं जातं. चौथ्या दिवशी वाफसा गेलेला असतो.

उलट लहान, स्वस्त आणि नीट विचार केलेलं अवजार बाईच्या हातात किती लवकर बसतं, याची उदाहरणं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिली आहेत. दातेरी वैभव विळ्याने भातकापणीत मनगटाला कमी हिसका बसतो. नूतन झेल्याने आंबा देठासकट उतरतो. यांना इंजिन नाही, मोठं अनुदान नाही, उद्घाटनाची फीतही नाही. दुसऱ्या बाजूला २०२३ मध्ये महिला बचत गटांना ८० टक्के अनुदानावर ड्रोन द्यायची केंद्राची योजना आली. ड्रोन वाईट नव्हे. पण बॅटऱ्या, परवाना, दुरुस्ती आणि वर्षभर काम मिळवून देणं या गोष्टी गटाच्या अंगावर पडतात, आणि तिथे ट्रॅक्टरचाच जुना हिशेब नव्या पोशाखात समोर उभा राहतो: तास किती, कोणाचे, कोणत्या दिवसांत?

धोक्याबद्दल आपण फार कमी लिहितो. मळणीयंत्र, ज्याला बऱ्याच भागांत हडंबा म्हणतात, त्याने खळ्यावरचे आठ दिवस एका दुपारीत आणले आणि कितीतरी हात कोपरापासून नेले. रात्रीची मळणी, सैल कपडे, पेंढी टाकायचं आखूड तोंड. १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला तो मुख्यतः याच यंत्रासाठी. लांब, वरून झाकलेलं तोंड लावलं की हात आत जात नाही. एवढा साधा उपाय, पण स्थानिक बनावटीच्या यंत्रांवर तो दिसेलच असं नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्यावर गेलेली कपाशी, औषधांची मिश्रणं आणि दाट फवारा सोडणारे नवे पंप ही कारणं तेव्हा पुढे आली. पंप दुकानातून आला, त्याच्याबरोबर तो कसा वापरायचा हे सांगणारा माणूस आला नाही.

उसाबद्दल थोडक्यात. राज्य सरकारने २०२३ मध्ये ऊसतोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते, अनुदान देऊ केलं. यंत्राला चार-पाच फुटांची सरी आणि लांब तास लागतात. अर्ध्या एकराच्या उसात ते शिरत नाही. त्यामुळे मोठ्या शेतकऱ्याचा ऊस यंत्राने आणि लहानाचा कोयत्याने, अशी विभागणी होऊ लागली आहे, आणि बीडकडून येणारी कोयत्याची जोडपी कमी झाली तर लहानाचा ऊस फेब्रुवारी-मार्चपर्यंत फडात उभा राहील. शेजारच्या पाच जणांनी लागवडीची तारीख आणि सरीची दिशा एक ठेवली तर यंत्र त्यांच्या सलग पट्ट्यात जाऊ शकतं. बांध तोडायची गरज नाही. पाच जणांचं एकमत होण्याची आहे, आणि ते जास्त अवघड.

हीच गोष्ट सोयाबीनच्या पेरणीला लागू पडते. लेखकांना काही गावांत असे गट भेटले ज्यांनी ट्रॅक्टर घेतलाच नाही. त्यांनी शिवाराचा क्रम ठरवला. पाऊस झाला की हलक्या मुरमाड रानांना वाफसा आधी येतो, भारी काळ्या रानांना दोन दिवसांनी. त्याप्रमाणे लागून असलेल्या रानांची यादी केली आणि गावातल्याच ट्रॅक्टरवाल्याला ती सलग दिली. त्याचे फुकटचे हेलपाटे वाचले, डिझेल वाचलं, म्हणून दर थोडा उतरला. दीड एकरवाला आठ एकरांच्या पट्ट्याचा भाग म्हणून त्याच दिवशी पेरून मोकळा झाला. यात नवीन यंत्र एकही नाही. इर्जिकीतला हिशेब मात्र वहीवर परत आला आहे. हे सगळीकडे जमेल, असा दावा हे पुस्तक करत नाही. दोन गावांत भावकीच्या भांडणात यादी दुसऱ्याच वर्षी फाटली, तेही त्यात लिहिलं आहे.

कृषी कार्यालयाच्या तक्त्यात वाटलेले ट्रॅक्टर, रोटर, पेरणीयंत्रं यांचे रकाने असतात. पाऊस आणि पेरणी यांच्यामध्ये कोणत्या शेतकऱ्याचे किती दिवस गेले, याचा रकाना नसतो. तो भरणं कठीण नाही. कृषी सहायकाला प्रत्येक गावात वीस घरं माहीत असतात. असा रकाना दहा वर्षं भरला गेला असता तर कोणती योजना लहान माणसापर्यंत पोचली, यावर आज अंदाजाने भांडावं लागलं नसतं. या लेखकांनी आपापल्या गावांपुरता तो भरून पाहिला आहे. त्या तुटपुंज्या नोंदींवरून राज्याबद्दल काही सिद्ध होत नाही, पण कोणता प्रश्न विचारायचा ते कळतं.

वाचकांसाठी दोन सूचना. भाड्याचे दर मुद्दाम दिलेले नाहीत. डिझेलबरोबर ते बदलतात आणि छापून येईपर्यंत खोटे ठरतात. त्याऐवजी प्रत्येक कामाला लागणारे तास आणि एकरी डिझेल दिलं आहे, त्यावरून आपल्या गावचा दर कोणालाही काढता येईल. दुसरं म्हणजे प्रकरणं शेतीच्या क्रमाने लावलेली नाहीत. पहिलं मळणीचं आहे आणि नांगरट त्यानंतर येते, कारण अनेक गावांत यंत्राशी पहिली ओळख झाली ती खळ्यावर, दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रापुढे आपली सुडी घेऊन पाळी लावताना.